विश्लेषण : डेटाबेस नव्या सर्व्हरवर सुखरूप कसा पोहोचतो? ही घडी बसवणारे जिम ग्रे कोण होते?

रात्री मोबाइलवर बँकेचा संदेश येतो. यंत्रणेच्या देखभालीसाठी पहाटेपर्यंत सेवा बंद राहतील, गैरसोयीबद्दल क्षमस्व. सकाळी ॲप उघडले की शिल्लक तीच असते आणि काल टपरीवर भरलेले चहाचे २० रुपयेही जागच्या जागी दिसतात. मधल्या तासांत अनेकदा खात्यांचा अख्खा डेटाबेस जुन्या सर्व्हरवरून नव्यावर गेलेला असतो. जुन्यावर बॅकअप घ्यायचा, ती फाइल नव्यावर न्यायची आणि तिथे रिस्टोअर करायची, अशी ही पद्धत. ऐकायला घर बदलताना टेम्पोत सामान भरण्याइतकी सोपी. फरक एवढाच की इथे टेम्पो निघेपर्यंत घरातली माणसे नवे सामान आणत राहतात आणि जुने इकडचे तिकडे करत राहतात.

तरीही हिशेब चुकत नाही. तो का चुकत नाही, याचे उत्तर ज्यांच्या कामातून मिळते त्यांत अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना याच कामासाठी मिळाला. २८ जानेवारी २००७ रोजी ते शिडाच्या बोटीतून एकटे समुद्रात गेले आणि परतले नाहीत.

रसायनशास्त्रात मार खाल्लेला विद्यार्थी

जेम्स निकोलस ग्रे यांचा जन्म १२ जानेवारी १९४४ रोजी सॅन फ्रान्सिस्कोचा. वडील अमेरिकी लष्करात, आई शिक्षिका. वडिलांच्या नोकरीमुळे पहिली काही वर्षे रोममध्ये गेली आणि इंग्रजीच्या आधी ग्रे इटालियन बोलायला शिकले. वडिलांना खटपटीची हौस होती. टाइपरायटरच्या रिबनसाठी त्यांनी तयार केलेल्या कार्ट्रिजचे पेटंट चांगले पैसे मिळवून गेले. पुढे आई-वडील विभक्त झाले आणि मुलगा आईबरोबर सॅन फ्रान्सिस्कोला परतला.

१९६१ मध्ये त्यांनी बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रवेश घेतला. रसायनशास्त्रातील गुण पाहून ते इतके खट्टू झाले की सहा महिने शिक्षण सोडून नोकरी करून आले. त्या नोकरीचा अनुभव वर्गापेक्षाही वाईट निघाल्याने पुन्हा वर्गात बसले. १९६६ मध्ये पदवी आणि १९६९ मध्ये पीएचडी मिळाली. बर्कलेच्या संगणकशास्त्र विभागातून पीएचडी मिळवणारे ते पहिलेच. अभियांत्रिकीला बॅकलॉग घेऊन बसलेल्यांना यातून थोडा धीर यायला हरकत नाही.

आयबीएममध्ये नेमका कोणता प्रश्न समोर होता?

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ग्रे आयबीएमच्या संशोधन विभागात आले. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये माहिती तक्त्यांच्या रूपात मांडण्याची कल्पना प्रसिद्ध केली होती. ती प्रत्यक्षात चालते का हे पाहण्यासाठी कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे ‘सिस्टिम आर’ नावाचा प्रकल्प उभा राहिला. आज सगळीकडे वापरली जाणारी एसक्यूएल ही भाषा याच प्रकल्पातली. भाषेवर काम करायला माणसे होती. ग्रे यांनी ज्याकडे कुणाचे सहसा लक्ष जात नाही ते काम उचलले. एकाच वेळी शंभर जण त्याच तक्त्यात हात घालू लागले तर काय, आणि मध्येच वीज गेली तर काय?

उदाहरण घेऊ. एका खात्यातून ५,००० रुपये दुसऱ्या खात्यात जायचे आहेत. पहिल्यातून वजा झाले आणि दुसऱ्यात जमा होण्याआधी संगणक बंद पडला, तर पैसे गेले कुठे? ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या मांडणीत ही दोन कामे मिळून एक ‘ट्रॅन्झॅक्शन’ ठरते. ते झाले तर पूर्ण, नाही तर अजिबात नाही. ‘निम्मे झाले’ ही अवस्था बाहेरच्या जगाला कधीच दिसता कामा नये.

हे साधण्यासाठीची युक्ती आपल्याकडच्या दुकानदारांना नवी वाटणार नाही. जुन्या पेढीवर व्यवहार झाला की तो आधी रोजकीर्दीत चढतो. खतावणी नंतर, सवडीने. खतावणीचे पान फाटले तरी रोजकीर्द शाबूत असेल तर हिशेब पुन्हा उभा करता येतो. डेटाबेसमध्ये तक्ते ही खतावणी आणि ‘लॉग’ ही रोजकीर्द. नियम असा, की तक्त्यातला बदल डिस्कवर जाण्याआधी त्याची नोंद लॉगमध्ये गेलीच पाहिजे. जुनी किंमत काय होती आणि नवी काय झाली, दोन्ही. वीज परत आली की यंत्रणा लॉग वाचते, पूर्ण झालेले व्यवहार पुन्हा लागू करते आणि अर्धवट राहिलेले पुसून टाकते.

ग्रे यांनी हे सगळे एकट्याने शोधले असे म्हणणे चुकीचे ठरेल. लॉगची कल्पना त्यांच्याही आधीची होती आणि सिस्टिम आरमध्ये कुशल माणसांची कमतरता नव्हती. विखुरलेल्या युक्त्यांना सिद्धांताचा भक्कम पाया देण्यात आणि त्या चालत्या यंत्रणेत उतरवून दाखवण्यात मात्र त्यांचा वाटा मोठा. कोणत्या पातळीवर कुलूप लावावे (अख्ख्या तक्त्याला की एका ओळीला) याबद्दलचा १९७६ चा निबंध आणि १९८१ मधील सिस्टिम आरच्या पुनर्प्राप्ती यंत्रणेवरचा निबंध यांत त्यांनी सहकाऱ्यांसह हे काम नोंदवले. पुढे आयबीएममध्येच, आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले सी. मोहन आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ‘एरिज’ ही पद्धत मांडली. आजचे अनेक मोठे डेटाबेस तिच्या किंवा तिच्यासारख्या वाटेने सावरतात.

मग बॅकअपचा लॉगशी काय संबंध?

इथे बरेच जण फसतात. बॅकअप म्हणजे डेटाबेसचा फोटो, अशी समजूत असते. फोटो क्षणात निघतो, बॅकअपला तास लागतात.

समजा, रात्री १० वाजता बॅकअप सुरू झाला आणि १२ वाजता संपला. ‘अ’ खात्याचे पान १०.०५ ला कॉपी झाले, ‘ब’ खात्याचे ११.५० ला. मध्ये ११ वाजता ‘अ’ने ‘ब’ला ५,००० रुपये पाठवले. आता कॉपीत काय दिसेल? ‘अ’कडे पैसे गेल्याची खूण नाही, ‘ब’कडे मात्र ते जमा. बँकेत ५,००० रुपये हवेतून जन्माला आले. नुसत्या पानांची कॉपी म्हणून भरवशाची नाही.

त्यामुळे चालू डेटाबेसचा बॅकअप घेताना त्या दोन तासांतला लॉगही सोबत बांधला जातो. नव्या सर्व्हरवर रिस्टोअर करताना आधी पाने मांडली जातात, मग लॉग चालवून ती सगळी एकाच क्षणापाशी आणली जातात, आणि त्या क्षणी अपुरे असलेले व्यवहार मागे घेतले जातात. वीज गेल्यावर सावरण्याची तीच युक्ती, फक्त यंत्र दुसरे. म्हणजे सर्व्हर बदलणे हा डेटाबेसच्या दृष्टीने एक ठरवून घडवलेला अपघातच असतो आणि नवा सर्व्हर त्यातून सावरून उठतो.

रात्रीच्या संदेशाचे कोडेही इथेच सुटते. मोठा बॅकअप आधीच, सेवा चालू असताना घेऊन नव्या सर्व्हरवर मांडून ठेवता येतो. तो लगेच वापरासाठी खुला करायचा नाही, पुढचे लॉग स्वीकारण्याच्या स्थितीत ठेवायचा. मग ठरलेल्या रात्री जुना सर्व्हर ग्राहकांसाठी बंद करायचा, लॉगचे उरलेले शेपूट घ्यायचे, ते नव्यावर चढवायचे आणि दार उघडायचे. नीट तयारी असेल तर प्रत्यक्ष हलवाहलवीला काही मिनिटे पुरतात. बाकीचे तास तपासणीसाठी आणि काही बिनसलेच तर मागे फिरण्यासाठी राखलेले असतात.

संगणक का बंद पडतात?

१९८० मध्ये ग्रे आयबीएम सोडून टँडेम या कंपनीत गेले. टँडेमचे संगणक बँका आणि शेअर बाजार वापरत. एक भाग बिघडला तरी दुसरा काम पुढे नेईल अशी त्यांची रचना. अशा ‘न थांबणाऱ्या’ यंत्रांच्या कंपनीत बसून ग्रे यांनी ती थांबतात का, याचाच अभ्यास केला. ग्राहकांकडून आलेले बिघाडाचे अहवाल त्यांनी चाळले आणि १९८५ मध्ये निष्कर्ष मांडला. यंत्रसामग्रीच्या दोषामुळे झालेले बिघाड होते सुमारे १८ टक्के. सॉफ्टवेअरमुळे सुमारे २५ टक्के. सर्वाधिक, म्हणजे सुमारे ४२ टक्के बिघाड यंत्रणा चालवण्याशी निगडित होते. म्हणजे चालवणाऱ्यांच्या चुका, मांडणीतले घोळ, देखभाल करताना झालेली गफलत.

सर्व्हर बदलणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लावावा असा आहे. कारण बॅकअप-रिस्टोअरमध्ये यंत्र आपले काम सहसा चोख करते. चुकते ते भोवतीचे. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरचेच घ्या. जुन्या आवृत्तीचा बॅकअप नव्या आवृत्तीवर रिस्टोअर होतो आणि होताना त्याची आतली रचना नव्या पद्धतीची केली जाते. उलटा प्रवास होत नाही. नव्यावरचा बॅकअप जुन्यावर चढत नाही. म्हणजे सोमवारी सकाळी काही अडले आणि तोवर नव्या सर्व्हरवर नोंदी सुरू झालेल्या असल्या, तर परतीची वाट त्या नोंदींवर पाणी सोडूनच निघते.

दुसरा नेहमीचा घोळ लॉगइनचा. वापरकर्त्याला एखादा तक्ता पाहण्याची परवानगी असते ती डेटाबेसमध्ये, त्याचे सर्व्हरवरचे लॉगइन आणि पासवर्ड मात्र वेगळ्या, सर्व्हरच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये. बॅकअप पहिल्याचा घेतला जातो. नव्या घरी माणसे पोहोचतात, किल्ल्या जुन्याच घरी राहतात. रोज रात्री आपोआप चालणारी कामे, दुसऱ्या सर्व्हरशी जोडलेले दुवे यांचेही तेच. ही यादी आधी हाताने करावी लागते आणि ती करणारा माणूस बहुधा त्या आठवड्यात रजेवर असतो. आणखी एक. रिस्टोअर करून न पाहिलेला बॅकअप हा बॅकअप आहे की नुसती मोठी फाइल, हे ऐन वेळेपर्यंत कळत नाही. म्हणून खऱ्या रात्रीच्या आधी एकदा रंगीत तालीम करायची, रिस्टोअर झालेल्या डेटाबेसची अंतर्गत तपासणी चालवायची आणि लागलेला वेळ घड्याळ लावून मोजायचा.

स्वतःचाच डेटाबेस हलवला तेव्हा काय झाले?

टँडेमनंतर ग्रे काही वर्षे डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये होते. १९९३ मध्ये आंद्रेआस रॉयटर यांच्यासह लिहिलेला त्यांचा ट्रॅन्झॅक्शनवरचा जाडजूड ग्रंथ आला. १९९५ मध्ये ते मायक्रोसॉफ्टमध्ये दाखल झाले, पण कंपनीच्या मुख्यालयात नाही, तर सॅन फ्रान्सिस्कोमधल्या छोट्या प्रयोगशाळेत.

तिथे त्यांनी टॉम बार्कले आणि इतरांसह ‘टेरासर्व्हर’ उभारले. जून १९९८ मध्ये खुल्या झालेल्या या संकेतस्थळावर हवाई आणि उपग्रह छायाचित्रे पाहता येत. गूगल अर्थ यायला तेव्हा काही वर्षे अवकाश होता. आपल्या घराचे छप्पर वरून पाहायला लोकांची झुंबड उडाली. कंपनीचा हेतू मात्र वेगळा होता. एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस टेराबाइटभर माहिती पेलतो, हे जगाला दाखवायचे होते.

सुरुवातीला सगळा डेटाबेस एकाच अजस्र सर्व्हरवर होता. सप्टेंबर २००० मध्ये तो चार सर्व्हरच्या समूहावर आणि सामायिक साठवणीवर हलवला गेला. एक पडला तर दुसरा लगेच हाती घेईल अशी व्यवस्था. उद्दिष्ट होते ९९.९९ टक्के उपलब्धतेचे, म्हणजे वर्षाला जेमतेम ५३ मिनिटे बंद. तीन वर्षे चालवल्यावर ग्रे आणि सहकाऱ्यांनी अनुभव छापला. यंत्रांनी आणि रचनेने उद्दिष्ट गाठले, त्याहून सरस काम केले. चालवताना झालेल्या चुकांमुळे मात्र प्रत्यक्ष उपलब्धता तीन नऊंवर, म्हणजे ९९.९ टक्क्यांच्या पातळीवर घसरली. ९९.९ टक्के म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास. १९८५ चा निष्कर्ष लिहिणाऱ्याच्याच घरी खरा ठरला आणि त्यांनी तो झाकला नाही. कंपनीच्या उत्पादनाची जाहिरात म्हणून सुरू झालेल्या प्रकल्पाचा इतका सरळ हिशेब क्वचितच वाचायला मिळतो. नंतर हा डेटाबेस पुन्हा हलला, या वेळी महागडी सामायिक साठवण सोडून स्वस्त, सुट्या यंत्रांच्या जोड्यांवर.

कुरिअरने डेटाबेस

बॅकअपची फाइल नव्या ठिकाणी न्यायची कशी, हा प्रश्न ग्रे यांना खगोलशास्त्राने घातला. न्यू मेक्सिकोमधल्या दुर्बिणीतून आकाशाचा नकाशा तयार करणाऱ्या स्लोन प्रकल्पासाठी ते जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या ॲलेक्स सॅले यांच्याबरोबर काम करत होते. २००१ मध्ये त्यातून ‘स्कायसर्व्हर’ सुरू झाला आणि शाळकरी मुलांनाही खऱ्या दीर्घिकांची माहिती चाळता येऊ लागली. या प्रकल्पाचा डेटा आधी वेगळ्या प्रकारच्या डेटाबेसमध्ये होता. तिथून एसक्यूएल सर्व्हरवर येताना बॅकअप-रिस्टोअरचा उपयोग नव्हता, कारण ती पद्धत एकाच घराण्यातल्या डेटाबेसपुरती चालते. घराणे बदलले की सगळे बाहेर काढून नव्याने भरावे लागते.

शिवाय टेराबाइटभर डेटा अमेरिकेत, युरोपात आणि आशियात पोहोचवायचा होता. सेकंदाला १० मेगाबिट वेगाच्या जोडणीवरून एक टेराबाइट पाठवायला, जोडणी पूर्ण वेगाने अखंड चालली तरी, सव्वानऊ दिवस लागतात. ग्रे यांनी गणित मांडले आणि पार्सल सेवा स्वस्त असल्याचे दाखवून दिले. २००२ च्या लेखात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी या पद्धतीचे वर्णन केले आहे. नुसती डिस्क पाठवायची नाही, तर सुमारे २,००० डॉलरचा अख्खा संगणक पाठवायचा. डेटाबेस आधीच भरलेला. समोरच्याने खोक्यातून काढायचा, नेटवर्कची तार जोडायची आणि वापरायला लागायचे. पुढे क्लाउड कंपन्यांनीही ग्राहकाच्या दारात साठवणुकीची पेटी पाठवून डेटा गोळा करण्याची सेवा सुरू केली.

२८ जानेवारी २००७

त्या रविवारी ग्रे ‘टेनेशियस’ या आपल्या ४० फुटी बोटीतून फॅरलॉन बेटांकडे निघाले. आईच्या अस्थी समुद्रात विसर्जित करायच्या होत्या. हवा स्वच्छ होती आणि ते मुरलेले दर्यावर्दी होते. संध्याकाळी ते परतले नाहीत, तेव्हा पत्नी डोना कार्न्स यांनी तटरक्षक दलाला कळवले. विमाने आणि बोटींनी चार दिवस प्रचंड पट्टा पालथा घातला. बोटीचा तुकडा, जॅकेट, संकटाचा संदेश, काहीच मिळाले नाही.

मग त्यांच्या ओळखीतले संगणकतज्ज्ञ पुढे आले. उपग्रहांकडून त्या भागाची ताजी छायाचित्रे मिळवली गेली. नासाचे एक विमानही उडाले. छायाचित्रांचे तुकडे ॲमेझॉनच्या व्यवस्थेतून हजारो स्वयंसेवकांसमोर ठेवण्यात आले. प्रत्येकाने आपल्या चौकोनात बोटीसारखा ठिपका शोधायचा. वरून घेतलेली छायाचित्रे डेटाबेसमधून सामान्य माणसासमोर मांडण्याचे काम ग्रे यांनी नऊ वर्षांपूर्वी स्वतः करून दाखवले होते. १६ फेब्रुवारीला मित्रांनी शोध थांबवला. कुटुंबाने समुद्रतळाचाही शोध घेऊन पाहिला. तो ३१ मे रोजी थांबला.

मृतदेह नाही, बोट नाही, त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने ग्रे ना जिवंत ना मृत. ३१ मे २००८ रोजी बर्कलेत सहकारी आणि विद्यार्थी त्यांच्या कामाचा गौरव करण्यासाठी जमले, तेव्हाही ते बेपत्ताच होते. गायब होण्याच्या काही दिवस आधी दिलेल्या, डेटावर आधारित विज्ञानाबद्दलच्या व्याख्यानातून २००९ मध्ये एक पुस्तक उभे राहिले. त्यांच्या नोंदीवर शेवटचा शिक्का बसायला पाच वर्षे जावी लागली. मे २०१२ मध्ये न्यायालयाने त्यांना मृत घोषित केले आणि मृत्यूची तारीख २८ जानेवारी २०१२ धरली. ‘टेनेशियस’ सापडलेली नाही.